कोरड्या वाफ्याचं पाणी

“वाघमारे, मशीन बिघडलंय का?”

जोगळेकर सरांनी रिपोर्टचे कागद माझ्या टेबलावर टाकले आणि चष्मा कपाळावर चढवला. सर आमच्या लॅबचे प्रमुख. त्यांचा चष्मा कपाळावर गेला की समजायचं, हा प्रश्न नाही, आरोप आहे.

“मशीन ठीक आहे, सर. सकाळीच स्टँडर्ड लावून बघितलंय.”

“मग ओल्या वाफ्यातली पानं आणि कोरड्या वाफ्यातली पानं एकसारखी कशी? बारा जणींची शेतं. त्यातल्या अकरा ठिकाणी काडीचा फरक नाही. आणि बाराव्या ठिकाणी एवढा फरक, की माझा विश्वास बसत नाही.”

“माझाही बसत नाही.”

“मग कंपनीला काय सांगू? दसऱ्याच्या आत त्यांना रिपोर्ट पाहिजे. नाहीतर ते हात वर करतील.”

मी कागद ओढून घेतले आणि पुन्हा आकडे बघू लागले. आकडे काही बदलले नाहीत.

आमचं काम काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सदाफुली तुम्ही बघितलेली आहे. गुलाबी किंवा पांढऱ्या पाच पाकळ्या, कुंपणाला, उकिरड्याच्या कडेला, कुठंही उगवते. शेळी तिला तोंड लावत नाही, कारण पान कडू असतं. त्या कडूपणात औषध आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर जी इंजेक्शनं देतात, त्यातलं एक सदाफुलीच्या पानापासून निघतं. पानात तयार औषध फारच थोडं असतं, पोतंभर पानातून चिमूटही निघत नाही. पण ते औषध ज्या दोन घटकांपासून जोडून बनवता येतं, ते दोन्ही पानात त्या मानानं बरेच असतात. आम्ही मोजतो ते हे दोन घटक.

आणखी एक गोष्ट लगेच सांगून टाकते, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. सदाफुलीचं पान चावून कॅन्सर बरा होत नाही. पोट बिघडतं, जास्त खाल्लं तर त्याहून वाईट होतं. औषध आणि विष यांच्यात अंतर असतं ते मोजमापाचं, आणि ते मोजमाप करायलाच आमच्यासारखी माणसं पगार घेतात.

आता प्रयोग. झाडाला पाणी कमी पडलं की ते स्वतःला वाचवण्यासाठी पानात कडू द्रव्यं वाढवतं, असं आमच्या क्षेत्रात बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. मग दुष्काळी भागात, कमी पाण्यावर सदाफुली घेतली तर पान जास्त कसदार मिळेल का? हे बघायला आम्ही बीड जिल्हा निवडला. तिथं दुष्काळ शोधावा लागत नाही. मी मूळची गेवराईची, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे.

आष्टी तालुक्यात, कड्याच्या पुढं एक वाडी आहे. तिथल्या बायकांनी औषधी वनस्पतींची सहकारी संस्था काढली होती. सभासद बारा. प्रत्येकीच्या शेतात आम्ही सदाफुलीचे दोन वाफे लावले. एका वाफ्याच्या खुंटीला हिरवी रिबन, दुसऱ्याला लाल. रोपं रुजेपर्यंत दोन्ही वाफ्यांना एकाआड एक दिवस चार-चार घागरी पाणी. रोपं धरली की लाल रिबनच्या वाफ्याला फक्त एक घागर. तो कोरडा वाफा. सहा आठवड्यांनी दोन्हीकडची नमुन्यापुरती पानं तोडायची, सावलीत वाळवायची आणि आमच्याकडे पाठवायची; रिपोर्ट येईपर्यंत पाणी तसंच चालू ठेवायचं.

त्या वर्षी पावसानं अशी पाठ फिरवली की वाडीच्या विहिरी आषाढातच तळाला गेल्या. म्हणून प्रयोगासाठी आम्ही लॅबच्या खर्चानं टँकर लावला आणि संस्थेच्या शेडमागं एक मोठी प्लॅस्टिकची टाकी बसवली. टाकीला कुलूप घातलं. किल्ली चेअरमनबाईंकडं दिली. त्या कुलपाचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पान जास्त कसदार निघालं, तर एक औषध कंपनी संस्थेचा माल घ्यायला तयार होती, तोही त्याच हंगामापासून. नाही निघालं, तर सगळं बंद. आणि त्या वाडीत बंद म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक येतात. नवराबायको मिळून ‘कोयता’ म्हणून मोजले जातात आणि पाच-सहा महिने घर सोडून उसाच्या पाचटाच्या खोपीत राहतात. बारा सभासदांपैकी सात जणी दरवर्षी जायच्या. त्यांच्यातली लता नावाची एक तरुण सभासद पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती, “मॅडम, मला यंदा कोयता धरायचा न्हाई. तुमी सांगाल तसं करते, पण हे जमवा.”

म्हणून आकडे सारखे आले तेव्हा मी लगेच कारण शोधायला बसले.

पहिला संशय मशीनवर. या मशीनला एच.पी.एल.सी. म्हणतात. नाव मोठं, काम साधं. पानाचा अर्क एका बारीक नळीतून ढकलायचा. नळीत पावडर ठासून भरलेली असते. अर्कातला प्रत्येक घटक आपापल्या चालीनं तिच्यातून जातो. आठवडी बाजारातून जाताना काही माणसं प्रत्येक पालापाशी थांबतात आणि काही सरळ स्टँड गाठतात, तसंच. जो ज्या मिनिटाला बाहेर पडेल, त्यावरून तो कोण ते कळतं, आणि कागदावर त्याचा डोंगर उमटतो. डोंगर मोठा तर माल जास्त.

मी शुद्ध नमुना, म्हणजे स्टँडर्ड, पुन्हा लावला. डोंगर बरोबर मिनिटाला, बरोबर उंचीचा. नळी बदलून पाहिली. तेच. बाटल्यांवरचे कोड तपासले, वाटलं लेबलं लावताना आमच्या मुलींनी हिरवं-लाल एकत्र केलं असेल. नव्हतं केलं. शिल्लक पानांचा अर्क पुन्हा काढला, सगळे चोवीस नमुने पुन्हा चालवले. दोन दिवस गेले. अकरा जणींचं हिरवं आणि लाल पुन्हा जुळ्या भावांसारखं.

फक्त लताच्या नमुन्यात लाल डोंगर हिरव्याच्या जवळजवळ दीडपट.

सर म्हणाले, “मला वाटतं तिनं गडबड केली असावी.”

“काय गडबड करणार सर? पानात औषध वरून शिंपडता येत नाही.”

“कोवळी पानं निवडून दिली असतील. दुसऱ्या झाडाची दिली असतील. अकरा बरोबर आणि एक चूक, की एक बरोबर आणि अकरा चूक? तुम्हीच सांगा.”

गणित सरांच्या बाजूचं होतं. मला राग आला. फील्डचे फॉर्म काढून बघितले. त्यावर पाण्याच्या प्रत्येक दिवसाला एक रकाना होता: ‘ओल्या वाफ्याला चार घागरी पाणी दिले का?’ बाराही जणींनी एकही दिवस न चुकता ‘हो’ लिहिलं होतं. फॉर्म निर्दोष होता. मीच बनवला होता.

“मी जाऊन येते,” म्हटलं.

“जा. आणि त्या लताबाईला नीट विचारा.”

पहाटेच्या एसटीनं नगर, तिथून दुसरी गाडी कड्याला. कड्याच्या स्टँडवर चेअरमनबाई घ्यायला आल्या होत्या. सुमनबाई त्यांचं नाव. दहावी शिकलेल्या, चाळिशीच्या, स्कूटी चालवणाऱ्या आणि नियमाच्या पक्क्या. सहकाराचं पाच दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आल्यापासून त्या घरातसुद्धा अजेंडा काढतात, असं त्यांचे यजमान सांगायचे.

“अचानक काहून आलात, मॅडम?”

“वाफे बघायचेत.”

“बघा की. रिपोर्ट चांगला आला ना?”

मी हूं म्हटलं आणि मागच्या सीटवर घट्ट धरून बसले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी ढोपरभर येऊन वाळलेली. वाडीत शिरताना टँकरची वाट बघत ठेवलेल्या हंड्यांची रांग दिसली. शेडमागची आमची निळी टाकी मात्र कुलपात बंद होती. ते सगळं मी बघितलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. मी पानांच्या विचारात होते.

पहिला वाफा कौसामावशींचा. कौसामावशी म्हणजे लताची सासू, संस्थेतली सगळ्यात वडील सभासद. हिरव्या रिबनच्या वाफ्यात सदाफुली टवटवीत. लाल रिबनच्या वाफ्यातही टवटवीत. मी उकिडवी बसले आणि लाल वाफ्यातल्या मातीत बोट घातलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बोट दुसऱ्या पेरापर्यंत गार आणि ओलं.

दुसरं शेत. ओलं. तिसरं. ओलं. चौथ्या शेतात मी बोट घालायचं सोडून दिलं, नुसती झाडं बघूनच कळत होतं.

मग लताचं शेत. हिरव्या वाफ्यात झाडं डोलत होती. लाल वाफ्यात मात्र पानं आखडलेली, कडा पिवळ्या, जमिनीला भेग. सहा आठवडे तहानलेलं झाड दिसायला पाहिजे, अगदी तस्सं. फुलं मात्र होती. सदाफुलीचा हट्टच तसा असतो.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही.

लता बांधावर उभी होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, मी एकच घागर घातली. सगळ्या मला नावं ठेवत्यात. आत्याबाई तर आठ दिस बोलल्या न्हाईत माझ्यासंगं.”

“का बोलणार?” कौसामावशी मागून आल्या होत्या. “माझा वाफा हिरवागार, अन् हिचा असा. येणारा-जाणारा इचारतो, सुनेला पाणी देत न्हाई का म्हणून. माझी आब्रू जातीय.”

“मावशी, तुम्ही लाल वाफ्याला पाणी घातलंत का?”

“घातलं की.”

“किती?”

“चार घागरी. हिरव्याला चार, लालला चार. लपवायचं काय त्यात?”

माझा आवाज चढला. “पण एकच घालायची सांगितलं होतं ना मी?”

“सांगितलं व्हतं. मंग मीटिंगमधी ठराव झाला.”

“कसला ठराव?”

कौसामावशींनी सुमनबाईंकडं बघितलं. सुमनबाईंनी पदर सारखा केला. “प्रोसिडिंगमधी हाय, मॅडम. दाखवते,” त्या म्हणाल्या, आणि मला जाणवलं की त्यांना त्याचा अभिमान आहे.

शेडमध्ये सगळ्या जमल्या. चहा आला. सुमनबाईंनी प्रोसिडिंगचं पुस्तक काढलं, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायचं पुस्तक, आणि उभं राहून वाचलं. “ठराव क्रमांक सात. प्रयोगाच्या लाल वाफ्यावर पाण्याबाबत अन्याय होत असून टाकीत पाणी शिल्लक राहत आहे. संस्थेत सर्वांस समान वागणूक हे तत्त्व असल्याने शिल्लक पाणी लाल वाफ्यास देण्यात यावे. ठराव अकरा विरुद्ध एक मतांनी मंजूर. लताबाई यांनी विरोध नोंदवला.”

खाली अकरा सह्या आणि एक ‘विरोध’ असं स्वच्छ अक्षरात.

मी पंचवीस तरी फील्ड ट्रायल केल्या असतील. खतं चोरीला गेलेली बघितली, रोपं गाईनं खाल्लेली बघितली, एकदा तर अख्खा वाफा लग्नाच्या मांडवाखाली गेला होता. पण लोकशाही मार्गानं, बहुमतानं, तारीख-सहीनिशी बिघडवलेला प्रयोग हा पहिलाच. हसू येत होतं आणि डोकंही फिरलं होतं. आधी डोकं फिरलेलं बाहेर पडलं.

मी बोलले. जरा जास्तच बोलले. की तुम्ही सहा आठवडे पाण्यात घातले. की दोन्ही वाफे सारखे ठेवायचे असते तर दोन वाफे केलेच कशाला असते. की कंपनी आता माल घेणार नाही, आणि दसऱ्याला तुम्ही ट्रकमध्ये बसाल तेव्हा मला नावं ठेवू नका. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं. लता खाली बघत होती.

मग कौसामावशी म्हणाल्या, “मॅडम, एक इचारू का? रागावू नका.”

“विचारा.”

“लाल वाफ्याच्या तीन घागरी वाचत्यात. बारा जणींच्या छत्तीस झाल्या. ते पाणी कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? प्रयोगाचं.”

“तेच तर. परयोगाचं पाणी घरी न्यायचं न्हाई, असं आमीच ठरवलं व्हतं. तुमी इश्वासानं किल्ली दिली. गावात हंड्याला हंडा लागतोय, पर आमच्यातल्या एकीनं त्यातला तांब्या घरी नेला न्हाई. इचारा कुणाला बी. मंग ते टाकीत पडून ऱ्हाणार. टाकी भरलेली, अन् म्होरं झाड माना टाकतंय. आमच्यात असं करत न्हाईत. जे पाणी परयोगाचं, ते परयोगाच्याच वाफ्याला घातलं. दुसरं कुठं घालायचं, ते तुमी सांगितलंच न्हाई.”

मी चहाचा कप खाली ठेवला. खरंच सांगितलं नव्हतं. सोळा पानांच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या नियमांच्या कागदात, पानं कुठल्या वेळी तोडायची, वरून कितवी तोडायची, कसल्या कापडावर वाळवायची, सगळं होतं. दिलेलं पाणी घागरीत मोजलेलं होतं. न दिलेल्या पाण्याचं काय करायचं, यावर अवाक्षर नव्हतं. आणि मी स्वतः गेवराईची. लहानपणी दोन हंड्यांसाठी अर्धा कोस चाललेली. त्या वाडीत भरलेली टाकी कुलूप लावून ठेवताना मला काहीच वाटलं नव्हतं. आता वाटलं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

फॉर्मही आठवला. ओल्या वाफ्याला पाणी दिलं का, एवढंच विचारलेलं. कोरड्या वाफ्याला दिलं का, हा रकानाच नव्हता. कोरड्याला कोण पाणी देणार, असं मी गृहीत धरलेलं. बायकांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

“मावशी,” मी म्हटलं, “माझं चुकलं. ते पाणी तुम्हाला हवं तिथं द्या. फक्त लाल वाफ्याला देऊ नका.”

“हवं तिथं म्हंजी?”

“घरी न्या. वाटून घ्या.”

यावर शेडमध्ये कुजबुज झाली. सुमनबाईंनी मान हलवली. “तसं न्हाई जमणार, मॅडम. गावात घरं साठ अन् सभासद बारा. बारा घरी पाणी गेलं तर भांडणं लागतील. उद्या म्हणतील, संस्था काढून पाणी पळवलं.”

“मग?”

“जनावरांच्या हौदात टाकावं,” लता म्हणाली. शेडात शिरल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. “पंधरा दिस झाले, हौद कोरडा हाय. शेळ्या कुणाच्या बी असू द्या, पित्याल. त्याला कोण नाव ठेवणार?”

कौसामावशींनी सुनेकडं बघितलं. “हां,” म्हणाल्या, “हे बरूबर बोलली. लाल वाफ्याचं पाणी शेळीच्या पोटात गेलं, तर वाफ्याचा बी शाप लागायचा न्हाई.”

सुमनबाईंनी लगेच पुस्तक उघडलं. ठराव क्रमांक अकरा. लाल वाफ्याच्या वाट्याच्या तीन घागरी जनावरांच्या हौदात ओतण्यात याव्यात. बारा विरुद्ध शून्य. सूचक लता, अनुमोदक कौसाबाई. सासू-सून एका ओळीत आल्या ते बघून दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

मी सरांना फोन लावला.

“लताबाईची गडबड सापडली?”

“सापडली. ती एकटी बरोबर आहे.”

सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, “अकरा विरुद्ध एक?”

“हो सर.”

“आपल्या इन्स्टिट्यूटच्या कमिटीत एवढं स्पष्ट कधी ठरलं नाही.” मग धंद्याचं बोलले. “दसऱ्याला साडेतीन आठवडे आहेत. पुरतील?”

“तीन आठवड्यांचा पाण्याचा ताण पुरेसा होईल. आणि आता हातात आहेत ते नमुने वाया गेलेले नाहीत. ताणाच्या आधीचं पान कसं होतं, ते त्यातून कळतं. उलट तुलना पक्की होईल.”

“हे तुम्ही आत्ता शोधून काढलंत ना?”

“हो सर.”

“चालेल. करा.”

पुढच्या तीन आठवड्यांत मी दोनदा गेले. लाल वाफे हळूहळू माना टाकायला लागले होते. कौसामावशी त्या बाजूनं जाताना तोंड फिरवून जायच्या, पण घागर उचलून थेट हौदाकडं न्यायच्या. संध्याकाळी हौदावर शेळ्यांची गर्दी व्हायची. सभासद नसलेल्या घरातलीही माणसं आता लाल वाफ्यांवर नजर ठेवायला लागली. एका बाप्यानं चौथ्या शेतातल्या लाल वाफ्याजवळ तांब्या घेऊन उभ्या असलेल्या पाहुणीला हटकलं, असं सुमनबाईंनी सांगितलं. “ओ ताई, ते शेळ्यांचं पाणी हाय,” म्हणाला म्हणे. प्रयोगाला एवढी राखण कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही.

शेवटच्या आठवड्यात मात्र आभाळ भरून आलं. दोन दिवस काळंभोर. सगळा तालुका वर बघत होता, आणि मी लॅबमध्ये बसून मनात म्हणत होते, अजून चार दिवस थांब. नंतर काय हवं ते कर. असा विचार करणारी अख्ख्या बीड जिल्ह्यात मी एकटीच असेन. न राहवून कौसामावशींना फोन केला आणि खरं ते सांगून टाकलं.

त्या हसल्या. “पडला तर पडू द्या, मॅडम. तुमची परीक्षा पुन्ना घेता यील. त्यो एकदा गेला की वरीसभर येत न्हाई.”

तो काही पडला नाही. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

पानं ठरल्या दिवशी सकाळी तुटली, मी स्वतः उभी होते. सावलीत वाळली, लॅबला आली. अर्क काढले, चोवीस बाटल्या मशीनला लावल्या आणि मी खुर्ची ओढून समोर बसले. तसं बसायची गरज नसते, मशीन आपोआप चालतं. पण उठवेना. पहिला नमुना कौसामावशींचा हिरवा. मग त्यांचाच लाल. ठरल्या मिनिटाला रेघ वर जायला लागली आणि हिरव्याच्या शिखराला मागं टाकून वर जातच राहिली. मी सरांना हाक मारली. सर आले, बघून गेले, पुढच्या लालला परत आले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या आठ चकरा झाल्या.

बाराही ठिकाणी लाल सरस. लताचा सगळ्यात जास्त, कारण तिचं झाड सुरुवातीपासून तहानलेलं.

पण सगळं गोड नव्हतं आणि ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं. लाल वाफ्यातलं पान कसदार, पण पानच कमी. कसाला वजनानं गुणलं की दोन्ही वाफ्यांत औषधाचा माल साधारण सारखाच भरत होता. म्हणजे दुष्काळानं औषध वाढलं, असं म्हणता येत नव्हतं.

कंपनीचे खरेदी अधिकारी पाटणकर मीटिंगला आले. त्यांनी शेवटचं पान आधी वाचलं, जसं खरेदीवाले वाचतात.

“म्हणजे फायदा काहीच नाही?”

“फायदा आहे,” मी म्हटलं. “तेवढाच माल, पाव पाण्यात. आणि पोत्यांची संख्या कमी, म्हणजे तुमचा वाळवणीचा, वाहतुकीचा आणि अर्क काढायच्या सॉल्व्हंटचा खर्चही कमी.”

त्यांनी पान उलटलं. “पण या बायका पाणी कमी देतील, याची खात्री काय? पीक वाळताना कोणी बघत बसत नाही. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे.”

मी ठराव क्रमांक अकराची झेरॉक्स त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी हौदाबद्दल विचारलं, शेळ्या किती, गाव केवढं. अर्ध्या तासानं ते म्हणाले, “या हंगामाची पानं घेतो. बारा वाफ्यांवर भागणार नाही, लागवड वाढवायला सांगा.”

बारा जणींना पुरेल एवढं काम त्या पहिल्या हंगामात निघालं नाही. तोडणी, वाळवणी आणि नवी लागवड धरून चौघींचं भागलं. सातांपैकी तीन जणी त्याही वर्षी कोयता घेऊन गेल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. कोणी थांबायचं, हेही सभेतच ठरलं आणि ज्यांची मुलं शाळेत होती त्यांना आधी संधी मिळाली.

दसऱ्यानंतर आठवड्यानं लताचा फोन आला. मागं कसलातरी गोंगाट होता.

“मॅडम, ट्रक आला व्हता सकाळी.”

“मग?”

“भरून गेला. मी बांधावरून बघितला.” ती गोंगाटातून बाजूला आली. “पाच वर्सात पयल्यांदा ट्रक बाहेरून बघितला. लई मोठा असतो, हे आतून कळत न्हाई.”

नीट पानं वाळवा, ऊन लागू देऊ नका, असलं काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन डोळे धुऊन आले.

तेव्हापासून आमच्या लॅबच्या प्रत्येक फील्ड ट्रायलच्या फॉर्मवर मी एक रकाना जादा ठेवते. ‘न दिलेलं पाणी कोणाला दिलं?’ नवीन लागलेली मुलं हसतात. मॅडम, यात केमिस्ट्री कुठं आली, विचारतात. मी सांगते, एकदा हा रकाना कोरा सोडून बघा. मग ओल्या आणि कोरड्या, दोन्ही वाफ्यांच्या रकान्यांत सारखेच आकडे येतील.